वजन, आतडी आणि डब्यातली पावडर

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीएमजे समूहाने स्वतःच्याच एका नियतकालिकात छापलेला शोधनिबंध मागे घेतला. विषय होता ॲपल सायडर व्हिनेगर. लेबनॉनमधील १२० जाड किशोर आणि तरुणांवरचा तो प्रयोग होता. रोज सकाळी थोडे व्हिनेगर पाण्यातून घेतल्यावर १२ आठवड्यांत वजन सहा ते आठ किलोंनी उतरले, असा त्याचा निष्कर्ष. २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर बातम्या झाल्या होत्या. मागे घेताना संपादकांनी दिलेली कारणे अशी: न पटणारी आकडेवारी, मूळ नोंदींच्या विश्वासार्हतेबद्दल शंका, पद्धतीचे अपुरे वर्णन आणि प्रयोगाची आगाऊ नोंदणीच नसणे.

निबंध मागे घेतला गेला, पण बाटल्या काही मागे गेल्या नाहीत. आमच्या ओपीडीत आजही निम्म्या जाड रुग्णांनी कधी ना कधी ते आंबट पाणी पिऊन पाहिलेले असते. त्यात आता गोळ्या आल्या, चघळायच्या गमीज आल्या. गमीजमध्ये साखर असते, ही गंमत वेगळीच.

हा एक निबंध खोटा ठरला एवढ्यापुरता हा विषय नाही. वजन कमी करण्यासाठी आणि अलीकडे ‘गट हेल्थ’साठी विकल्या जाणाऱ्या पूरक पदार्थांचा, म्हणजे सप्लिमेंटचा बाजार नेमका कशाच्या आधारावर उभा आहे, तो प्रश्न आहे. गरज खरी आहे, हे आधी मान्य करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. त्याआधीच्या फेरीत हेच आकडे सुमारे २१ आणि १९ होते. हे मोजमाप बीएमआय २५ च्या पट्टीवर आहे. आपल्या लोकांत पोटाभोवतीची चरबी कमी वजनातही धोका करते, म्हणून डॉक्टर २३ पासूनच सावध होतात. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करा, असे सांगितले. त्याच वर्षी मार्चमध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने आपल्याकडे दाखल झाली. वजन कमी करण्याचे औषध असू शकते, हे लोकांना पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने पटले. पण इंजेक्शनची किंमत परवडत नाही, सुईची भीती वाटते, डॉक्टरकडे जायला वेळ नाही. या तीन अडचणींच्या मधल्या फटीत डबेवाल्या पावडरी शिरल्या. ‘नैसर्गिक ओझेम्पिक’ हा शब्द तिथूनच आला.

आता कायद्याकडे पाहू, कारण खरी गोम तिथे आहे. औषध बाजारात आणायचे तर ते गुणकारी आणि सुरक्षित असल्याचा पुरावा आधी द्यावा लागतो. सप्लिमेंट हे आपल्या कायद्यात अन्न आहे. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आणि २०१६ चे त्याखालचे न्यूट्रास्युटिकल नियम, जे नंतर सुधारले गेले, त्यांच्या कक्षेत ते येते. यादीत मान्य असलेले घटक, ठरलेल्या मर्यादेत, परवानाधारक कारखान्यात बनवले की माल विकता येतो. तो घेतल्याने वजन उतरते का, हे माणसांवर तपासून दाखवण्याची पूर्वअट नाही. डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे. हे वाक्य डब्याच्या मागच्या बाजूला, जिरेसाळीच्या दाण्याएवढ्या अक्षरात असते. पुढच्या बाजूला सपाट पोट असते.

दाव्यांच्या भाषेतही एक शिस्तबद्ध लबाडी आहे. १९५४ च्या जादूटोणासदृश उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करता येत नाही, त्या यादीत लठ्ठपणा आहे. अन्न कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि २०१८ पासून जाहिराती व दाव्यांसाठी वेगळे नियम आहेत. म्हणून कंपन्या ‘वजन कमी करते’ असे सरळ लिहीत नाहीत. ‘मेटाबॉलिझमला सपोर्ट’, ‘निरोगी वजनासाठी साहाय्यक’, ‘पोट हलके’ असे लिहितात. सपोर्ट म्हणजे किती किलो, हे विचारायला ग्राहक कुठे जाणार? उरलेले काम मोबाइलवरचे चेहरे करतात. त्यांच्या तोंडी ‘माझे बारा किलो गेले’ असे वाक्य असते आणि ते डब्यावर कुठेच छापलेले नसते.

आत काय असते? सगळ्यांत जुना घटक गार्सिनिया कॅम्बोजिया. नाव परदेशी वाटते, पण हा आपल्या कोकमाचा सख्खा भाऊ. केरळात माशाच्या आमटीत जे वाळवलेले काळपट फळ टाकतात, ते हेच. यातले हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल चरबी तयार होण्याच्या एका टप्प्यावर अडथळा आणते, असे प्रयोगशाळेत दिसले आणि गोळ्या निघाल्या. १९९८ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात १३५ जाड माणसांवरचा १२ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना सारखाच कमी उष्मांकाचा आहार होता. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले, खोटी गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो. म्हणजे फरक आहाराने पडला, गोळीने नव्हे. या गोष्टीला पाव शतक उलटून गेले, गोळी अजून विकली जाते. सोलकढी मात्र बिनदिक्कत प्या. आमसुलाच्या चार पाकळ्या आणि अर्काची एकवटलेली कॅप्सूल यांत मात्रेचा मोठा फरक आहे.

ग्रीन टीचेही तसेच. कपभर चहाने काही बिघडत नाही आणि वजनही लक्षात येण्याएवढे उतरत नाही. उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित आढावा कोक्रेन संस्थेने २०१२ मध्ये घेतला, तेव्हा हेच निघाले. प्रश्न येतो तो अर्काच्या गोळीत. ग्रीन टीमधले ईजीसीजी नावाचे द्रव्य पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेले, तर यकृताची एन्झाइम्स वाढतात, असा इशारा युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिला. चहा पिणाऱ्याच्या पोटात दिवसाकाठी साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम जाते. बहुतेक मंडळी गोळी उपाशीपोटी घेतात आणि सोबत जेवणही तोडतात. यकृताला याहून वाईट वेळ सापडणार नाही.

मग ‘डिटॉक्स’ आणि ‘स्लिमिंग’ चहा. यांतल्या बऱ्याचशांत सोनामुखी असते. सोनामुखी हे चांगले रेचक आहे, थोड्या दिवसांच्या बद्धकोष्ठाला आम्हीही देतो. पण ती काम करते मोठ्या आतड्यात आणि अन्नातले उष्मांक त्याच्या बरेच आधी, लहान आतड्यातच शोषले जातात. म्हणजे जुलाबात जाते ते पाणी आणि क्षार. काटा दुसऱ्या दिवशी एक किलो खाली दिसतो आणि दोन दिवसांत परत वर येतो. महिनोन्महिने चालू ठेवले तर रक्तातले पोटॅशियम घसरते, पायांत गोळे येतात, हृदयाचे ठोके चुकू शकतात. ज्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांना हा धोका दुप्पट. शरीरातली ‘विषे’ बाहेर काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे बिनपगारी करतात, त्यांना चहाची गरज नसते.

‘नैसर्गिक ओझेम्पिक’ म्हणून सध्या मिरवणारे द्रव्य म्हणजे बर्बेरिन. आपल्या दारुहळदीत ते असते. प्रयोगांत त्याने साखर आणि कोलेस्टेरॉल थोडे कमी होते, वजन फार तर दोनेक किलो. सेमाग्लुटाइडशी त्याची तुलना म्हणजे सायकलला रेल्वेचे इंजिन म्हणणे. त्यात ते काही औषधांचे यकृतातले विघटन अडवते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर ते घेऊच नये, कारण नवजात बाळाची कावीळ त्याने धोकादायक होऊ शकते. हे डब्यावर ठळक लिहिलेले मी अजून पाहिलेले नाही.

या सगळ्यांत निदान लिहिलेले तेच आत असते असे धरू. पण जे पटकन ‘काम करतात’ त्यांच्याबद्दल मला अधिक शंका येते. सिब्युट्रामिन नावाचे भूक मारणारे औषध एके काळी रीतसर मिळत होते. सुमारे दहा हजार हृदयविकार व मधुमेहाच्या रुग्णांवरच्या अभ्यासात त्याने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका १६ टक्क्यांनी वाढतो, असे दिसले. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते गेले, २०११ मध्ये भारतानेही बंदी घातली. पण ते संपले नाही. अमेरिकेच्या एफडीएने २००७ ते २०१६ या काळात छुपी औषधे मिसळलेली ७७६ सप्लिमेंट पकडली. त्यांतली दर दहांतली चार वजन कमी करण्याची होती आणि या चारांपैकी बहुतेकांत, सुमारे ८५ टक्क्यांत, सिब्युट्रामिन निघाले. डब्यावर वनस्पतींची चित्रे होती. म्हणून एखाद्या ‘हर्बल’ पुडीने पहिल्याच आठवड्यात भूक मेली, झोप उडाली, छातीत धडधडू लागले, तर तिच्या गुणावर खूश न होता ती बंद करून रक्तदाब मोजावा.

यकृताचे एक उदाहरण सांगतो. चाळिशीतल्या एक बाई डोळे पिवळे झाले म्हणून आमच्या वॉर्डात दाखल झाल्या. अ, ब, क, ई या चारही विषाणूंच्या चाचण्या निगेटिव्ह, सोनोग्राफीत नळीत खडा नाही. मी विचारले, “ताई, कुठलं औषध चालू होतं?” “नाही डॉक्टर, काहीच नाही.” निवासी डॉक्टरनेही केसपेपरवर तसेच लिहिले होते. मग विचारले, “पावडर, काढा, चहा, जिममधलं काही?” तेव्हा म्हणाल्या, “ते होय. ते काही औषध नाही हो, नॅचरल आहे.” संध्याकाळी त्यांच्या मुलीने पिशवीतून तीन डबे आणले. एका डब्यात ग्रीन टी आणि गार्सिनिया एकत्र, दुसऱ्यावर घटकांची नावेच नाहीत, फक्त ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’. सगळे बंद केले, दोन महिन्यांत कावीळ पूर्ण उतरली. कोणत्या डब्यातल्या कोणत्या घटकाने हे झाले, ते मी सिद्ध करू शकत नाही. असे निदान इतर कारणे एकेक वगळूनच करावे लागते आणि नेमकी हीच अडचण विकणाऱ्यांच्या पथ्यावर पडते. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणारे एक जाळे आहे. त्यातला वनौषधी आणि सप्लिमेंटचा वाटा दहा वर्षांत सुमारे सात टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेला. आपल्याकडे अशी नोंद पद्धतशीर होत नाही, त्यामुळे आपले आकडे लहान दिसतात.

आता आतड्यांकडे वळू. इथे गोष्ट थोडी निराळी आहे, कारण मागचे विज्ञान अस्सल आहे. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात आणि आपल्याला न पचलेल्या चोथ्यावर जगतात. २००६ मध्ये सेंट लुइस इथल्या जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की जाड उंदराचे आतड्यातले जिवाणू जंतुविरहित उंदरात सोडले तर त्याच्या अंगावर जास्त चरबी चढते. केवढी खळबळ उडाली होती तेव्हा! मग माणसांवर प्रयोग झाले. सडपातळ माणसाचे जिवाणू जाड माणसाच्या आतड्यात पोचवण्याचे छोटे प्रयोग झाले, त्यांत वजन काही हलले नाही. उंदराला तुम्ही मोजून दाणे देता, माणूस रात्री दहाला वडापाव खातो. एवढा साधा फरकही त्यामागे असेल.

पण बाजाराने उंदरावरच दुकान मांडले. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलवर ‘५० अब्ज जिवाणू’ असे अभिमानाने लिहिलेले असते. आकडा मोठा असला म्हणजे उपयोग मोठा, असे नाही. कोणता जिवाणू, त्यातला कोणता वाण आणि कोणत्या आजारासाठी, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये पुरावा तपासला. अँटिबायोटिक घेताना होणारा एक विशिष्ट जुलाब टाळणे, वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा आतड्याचा आजार टाळणे आणि शस्त्रक्रियेनंतरची एक विशिष्ट सूज, एवढ्यापुरतीच त्यांनी काही प्रोबायोटिकना मर्यादित शिफारस दिली. ‘आयबीएस’, म्हणजे तपासण्या नॉर्मल असूनही पोट बिघडत राहण्याचा त्रास, यासाठी फक्त प्रयोगाच्या चौकटीत वापरा, असे सांगितले. वजनासाठी प्रोबायोटिक द्यावे, असे आज कुठल्याही जबाबदार मार्गदर्शिकेत नाही. इस्राएलच्या वाइझमान संस्थेने २०१८ मध्ये एका लहान अभ्यासात उलट असे पाहिले, की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यात त्यांचे स्वतःचे मूळ जिवाणू परतायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला. जणू भाडेकरूंनी घरमालकाला दार उघडू दिले नाही. कर्करोगाची केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दबलेल्यांनी जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूल आपल्या मनाने घेऊ नयेत, क्वचित ते रक्तात शिरतात. आणि हजारो रुपये घेऊन शौचाची ‘मायक्रोबायोम चाचणी’ करून देणाऱ्यांच्या अहवालावरून उपचार ठरवावेत, इतका पुरावा आज नाही. ते रंगीत कागद मला दाखवायला आणतात, मी ते आदराने परत देतो.

जिवाणू बाहेरून आणण्यापेक्षा आतल्यांना खायला घालणे जास्त शहाणपणाचे, आणि त्यांचे खाणे म्हणजे चोथा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने २००० किलोकॅलरीच्या आहारात साधारण ३० ग्रॅम तंतू हवेत. १०० ग्रॅम ज्वारीत ते सुमारे दहा ग्रॅम असतात, बाजरीत थोडे जास्त, पॉलिश केलेल्या तांदळात तीनहून कमी. मटकी, चवळी, हरभरा यांत ज्वारीहून अधिक. दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर उसळ आणि पालेभाजी हे जेवण ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी रोजचे होते, त्याच घरांतली नातवंडे आज ‘प्रीबायोटिक फायबर’चे पाकीट मागवतात. हे मी गतकाळाच्या प्रेमातून म्हणत नाही. त्या काळी कुपोषणही भरपूर होते. पण भाकरी थापायला वेळ नाही, ही अडचण खरी आहे आणि ती बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या गळ्यात पडते, हेही विसरू नये.

डब्यातल्या एका गोष्टीची बाजू मात्र मी घेईन. इसबगोल. गुजरात आणि राजस्थानात पिकणारी ही साधी साल जगभर निर्यात होते. बद्धकोष्ठाला ती उपयोगी, आयबीएसमध्ये विरघळणाऱ्या तंतूंची शिफारस आहे, आणि रोज सात ते दहा ग्रॅम घेतल्यास वाईट कोलेस्टेरॉल थोडे उतरते. वजनावरचा परिणाम किरकोळ. भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, नाहीतर घशात किंवा आतड्यात बोळा बसतो. थायरॉइडची गोळी आणि इसबगोल यांत काही तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर गोळी शोषली जात नाही. टीएसएच वाढत राहते, वजनही वाढते आणि माणूस आणखी एक पावडर मागवतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचेही थायरॉइडच्या गोळीशी असेच वैर आहे.

सप्लिमेंट म्हटले की सगळेच टाकाऊ, असेही नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आणि शुद्ध शाकाहारींत बी-१२ कमी पडते, ते द्यावेच लागते. गरोदरपणात लोह आणि फॉलिक आम्ल आपल्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांना जीवनसत्त्वे आयुष्यभर लागतात. यांत एक साम्य आहे: कमतरता मोजता येते किंवा अपेक्षित असते, मात्रा ठरलेली असते आणि कुणीतरी पाठपुरावा करत असते. जिममधल्या प्रोटीन पावडरीला हे लागू होत नाही. २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंटची तपासणी प्रसिद्ध झाली. जवळपास ७० टक्क्यांत प्रथिनांचे प्रमाण लेबलशी जुळत नव्हते, सुमारे १४ टक्क्यांत बुरशीचे विष सापडले. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक मार्गदर्शिकेनेही प्रथिनांच्या पावडरी टाळा, असे सांगितले.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती यकृताची नाही, तर बदलीची. एक रिक्षाचालक काका महिन्याला अडीच हजारांची ‘शुगर-फॅट’ पावडर घेत होते आणि आमच्याकडून फुकट मिळणारी मेटफॉर्मिन त्यांनी चार महिने बंद ठेवली होती. “एकच काहीतरी घ्यायचं ना डॉक्टर,” असे त्यांचे साधे गणित. पैसे मोजले ते जास्त गुणकारी असणार, या समजुतीपुढे सरकारी खिडकीवरच्या गोळीचे काही चालत नाही. त्यांचे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे प्रमाण ११ वर गेले होते.

शासनाने काय करावे, हे अवघड नाही. अन्न व औषध प्रशासनाने वजन कमी करण्याच्या मालाचे नमुने दुकानांतून आणि ऑनलाइन मागवून सिब्युट्रामिनसारख्या छुप्या औषधांसाठी तपासावेत आणि निकाल ब्रँडच्या नावासह जाहीर करावेत. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’च्या आड घटकांची मात्रा लपवायला मज्जाव असावा. ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य पुढच्या बाजूला यावे. सप्लिमेंटमुळे झालेल्या इजेची नोंद करणे डॉक्टरांना औषधांइतकेच सोपे व्हावे. औषधांच्या दुष्परिणामांसाठी १८००-१८०-३०२४ हा राष्ट्रीय क्रमांक आहे, तो निम्म्या डॉक्टरांनाही पाठ नसतो.

तोपर्यंत वाचकांसाठी एवढेच. दवाखान्यात जाताना घरातला प्रत्येक डबा, पुडी, चहाचे पाकीट पिशवीत घालून न्या, रिकामा डबाही. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा उजव्या बरगडीखाली जड वाटले, तर सप्लिमेंट त्याच दिवशी थांबवून यकृताची रक्ततपासणी करा. ती सरकारी रुग्णालयात होते. आणि कोणी फोटो दाखवून वजन उतरल्याचे सांगितले, तर त्या काळात आहार काय होता, एवढे जरूर विचारा.